हळदीचा खकाणा

श्वसनसंस्था नाकापासून सुरू होते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्धापूरच्या शिवारात तिची परीक्षाही नाकापासूनच सुरू होते. शिजवून वाळवलेली हळद पॉलिशच्या ढोलात फिरू लागली की पिवळा खकाणा उडतो आणि त्याचा उग्र वास दूरवर येतो. ढोलाजवळचा मजूर संध्याकाळी नाक शिंकरतो, तेव्हा उपरण्यावर पिवळा चिकटा उतरतो. तो आजार नव्हे, नाकाने दिवसभर केलेली राखण आहे. नाकातले केस आणि ओलसर अस्तर मोठे कण अडवतात, हवा उबदार व दमट करून पुढे सोडतात. तोंडाने घेतलेल्या श्वासाला ही चाळणी पुरती लाभत नाही.

घशात अन्नाची आणि हवेची वाट एकच असते. घास गिळताना स्वरयंत्रावर झाकण पडते. जेवताना गप्पा रंगल्या की त्याची वेळ चुकते आणि ठसका लागतो. खाली १० ते १२ सेंटिमीटर लांबीची श्वासनलिका. तिच्या कूर्चेच्या कड्या मागे, अन्ननलिकेच्या बाजूला, उघड्या असतात. तिच्या अस्तरावरची सूक्ष्म लव चिकट द्रव सतत घशाकडे लोटते. नाकातून निसटलेली हळद दुसऱ्या दिवशी बेडक्यात दिसते, ती या लवेमुळे. विडीच्या धुराने लव लुळी पडते. ढोलावर राबून वर विडी ओढणाऱ्याचे नुकसान म्हणूनच दुहेरी.

फुप्फुसांवर शाळेतल्या तक्त्यांनी मोठा अन्याय केला आहे. दोन सारख्या, पोकळ, गुलाबी पिशव्या! प्रत्यक्षात उजव्या फुप्फुसाचे तीन खंड आणि डाव्याचे दोन, कारण डावीकडे हृदयाला जागा द्यावी लागते. आणि आतला भाग पोकळ नसून स्पंजासारखा. श्वासनलिकेला सुमारे २३ वेळा फाटे फुटत जातात आणि शेवटी ३० ते ५० कोटी वायुकोश लागतात. त्यांचा पृष्ठभाग पसरला तर सुमारे ७० चौरस मीटर भरेल. वायुकोशांत लव नाही. चुलीच्या धुरातले अतिबारीक कण इथवर पोचतात आणि ते गिळण्याचे काम भक्षक पेशींवर पडते.

फुप्फुसे स्वतः हवा ओढत नाहीत. श्वासपटल खाली सपाट होते, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीतला दाब उतरतो आणि हवा आत शिरते. शांत श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर. त्यातली १५० नळ्यांतच राहून बिनकामाची परतते. श्वासाची अशी मोजदाद योगाच्या अभ्यासातही झाली. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम काढले आणि योगक्रिया क्ष-किरण व दाबमापकाखाली तपासल्या. प्राणायामाने ऑक्सिजनचा साठा वाढतो, असे शिबिरांतून आजही छातीठोक सांगतात. निरोगी माणसाच्या धमन्यांतले रक्त विश्रांतीतही ऑक्सिजनने ९५ टक्क्यांहून अधिक भरलेले असते. आणखी भरायला जागाच थोडी.

वायुकोशाची आणि केशवाहिनीची भिंत मिळून साधारण एका मायक्रॉनहून पातळ. तिच्यातून ऑक्सिजन रक्तात जातो, कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. आत जाणाऱ्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन, बाहेर येणाऱ्या हवेत सुमारे १६. मधला फरक पेशी वापरतात. केळ्याच्या पेशीही तेच करतात. अर्धापूरची केळी कच्चीच ट्रकमध्ये चढतात. पुढे पिकताना त्यांचे श्वसन वाढते आणि पिकवण्याची बंद खोली कार्बन डायऑक्साइडने भरते. म्हणून ती अधूनमधून उघडून हवा खेळवावी लागते. कोंदलेल्या खोलीत शिरलेला माणूस धापा टाकतो, तो बहुधा ऑक्सिजन संपल्यामुळे नव्हे: मेंदूच्या तळाशी लंबमज्जेतले श्वसनकेंद्र कार्बन डायऑक्साइडच्या वाढीलाच आधी दाद देते.

नवजात बाळ मिनिटाला ४० ते ६० श्वास घेते, प्रौढ माणूस १२ ते २०. वायुकोशांची संख्या बालपणभर वाढते. पंचविशीनंतर फुप्फुसांची ताकद हळूहळू उतरते. वर्षानुवर्षे धूर आणि धूळ सोसलेल्या छातीत बारीक नळ्या श्वास सोडतानाच मिटतात, जुनी हवा आत अडकते. दम लागलेला म्हातारा श्वास घेता येत नाही म्हणतो, पण मूळ अडचण सोडण्याची असते. अशा रुग्णाला ओठ आवळून सावकाश श्वास सोडायला शिकवतात. त्याने नळ्यांतला दाब टिकतो आणि त्या थोडा वेळ अधिक उघड्या राहतात.