साथीला कोण?

पंचमचं, म्हणजे संगीतकार राहुल देव बर्मनचं, वेड मला मामानं लावलं. मामा बँकेत कारकून. सायकलच्या घंटीपलीकडे त्यानं आयुष्यात काही वाजवलं नव्हतं. पण सुट्टीत त्याच्याकडे गेलं, की संध्याकाळी टेपरेकॉर्डरसमोर बसवायचा आणि म्हणायचा, "शब्द सोड, आशाबाईंनाही सोड. खाली काय चाललंय ते ऐक." 'यादों की बारात'मधलं (१९७३) काचेच्या पेल्याच्या किणकिणीनं सुरू होणारं गाणं त्यानं तीनदा लावलं. एकदा पेल्यासाठी, एकदा गिटारसाठी, एकदा ठेक्यासाठी. चौथ्यांदा म्हणाला, "हं, आता गाणं ऐक."

राहुल देव बर्मनच्या चाहत्यांची ही जातच निराळी. 'शोले' म्हटलं की बाकीच्यांना संवाद आठवतात. यांना बाटलीत फुंकून काढलेला घुमारा आठवतो. पडद्यावर अमिताभच्या ओठांशी असलेला माउथ ऑर्गन खरा वाजवला भानू गुप्तांनी, हे सांगताना मामाचा चेहरा असा व्हायचा, की जणू शेजारी बसून त्यानंच ऑर्गन धरला होता. रेकॉर्डच्या कव्हरावर संगीतकार, गीतकार, गायक एवढीच नावं असत. वादक शोधले ते असल्या वेड्यांनी. सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, तालाच्या बाजूला मारुतीराव कीर, रेसो-रेसो खरवडणारे अमृतराव काटकर. कीर आणि काटकर ही नावं कळली, त्या दिवशी मामानं घरात पेढे आणायचेच काय ते बाकी ठेवले.

भक्ती म्हटली की थोडं आंधळेपण आलंच. पंचमनं 'शोले'त स्वतः गायलेल्या गाण्याची चाल डेमिस रूसोच्या गाण्यावरून घेतलेली. कॉलेजात असताना मी ते मूळ गाणं मिळवलं आणि मोठ्या ऐटीत मामाला ऐकवलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "छान आहे. पण यात बाटल्या कुठायत?"

एका गोष्टीवर मात्र तो गप्प व्हायचा. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पंचमचे चित्रपट पडत गेले, काम आटलं. ४ जानेवारी १९९४ ला तो गेला. '१९४२: अ लव्ह स्टोरी' त्यानंतर काही महिन्यांनी आला आणि त्याच्या संगीताला फिल्मफेअर मिळालं. सगळे निर्मात्यांना दोष देत. मामा एकदाच म्हणाला, "त्या चार-पाच वर्षांत मीही त्याची एकही नवी कॅसेट घेतली नाही रे." पुढच्या त्याच्या सगळ्या कौतुकात मला ही थकबाकी ऐकू येत राहिली.

आता कुठल्याही मैफलीत भैरवी संपते, निवेदक साथीदारांची नावं वाचायला घेतो आणि सभागृहात खुर्च्या वाजू लागतात. कुणाला पार्किंगमधून गाडी काढायची असते, कुणाला शेवटची बस गाठायची असते. मी बसून राहतो. तानपुऱ्यावर कोण होतं, ते नाव बहुधा सगळ्यात शेवटी येतं आणि खुर्च्यांच्या आवाजात अर्धं बुडतं. ते नीट ऐकू आलं नाही, तर मंचामागे जाऊन विचारून येतो.