भूत कोणाचं, श्राद्ध कोणाचं?

'भूतनाथ' पाहिलेल्या कुणालाही विचारा, सिनेमा कसा वाटला? उत्तर हमखास दोन तुकड्यांत येतं. "पहिला अर्धा धमाल, नंतर उगाच रडवलंय." ९ मे २००८ ला तो आला तेव्हाही बहुतेकांचं हेच मत होतं, आणि परवा कँटीनमध्ये विषय निघाला तेव्हाही तेच. मला मात्र वाटतं की हा सिनेमा बघणाऱ्यांची मतं सिनेमापेक्षा जास्त मजेदार आहेत. कोण कुठं हसलं आणि कुठं गप्प झालं, त्यावरून त्या घरात काय चाललंय ते कळतं. मी काही समीक्षक नाही, दिवसभर कोड लिहिणारा माणूस. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गोव्यात 'नाथ व्हिला' नावाचा बंगला. तिथं एक कुटुंब राहायला येतं. बाबा (शाहरुख खान) बोटीवर नोकरीला, म्हणून घरात आई (जुही चावला) आणि बंकू नावाचं पोरगं. बंगल्यात भूत आहे, म्हणजे साक्षात अमिताभ बच्चन! पण भुतं नसतातच असं आईनं बंकूला पढवलेलं, त्यामुळे तो घाबरत नाही. भुताची पार इज्जत जाते आणि मग दोघांची दोस्ती होते. दिग्दर्शक विवेक शर्मा, पहिलाच सिनेमा. निर्मिती बी. आर. फिल्म्सची.

ही कल्पना मूळची ऑस्कर वाइल्डची. त्याची 'द कँटरव्हिल घोस्ट' ही गोष्ट १८८७ साली छापून आली. त्यात एक अमेरिकन कुटुंब इंग्लंडमधला जुना वाडा विकत घेतं. तिथं सर सायमन नावाचं तीनशे वर्षं जुनं, खानदानी भूत. जमिनीवरचा रक्ताचा डाग हे लोक डाग काढायच्या कांडीनं पुसून टाकतात. साखळ्या खळखळवत भूत आलं, तर घरमालक म्हणतो, अहो, साखळ्यांना जरा तेल घाला, झोपमोड होते! घरातली जुळी पोरं तर त्याला जगणं, सॉरी, मरणं नकोसं करतात. :-)

आमच्या धंद्यात एका सिस्टीमवरचा कोड दुसरीकडे पोर्ट करताना जे बदलावं लागतं, त्यावरून दोन्ही सिस्टीम कळतात. या गोष्टीचंही तसंच आहे. वाइल्डच्या भुतानं स्वतःच्या बायकोचा खून केलेला आहे. १९४४ च्या हॉलिवूडपटात (दिग्दर्शक ज्यूल्स डॅसिन, भूत चार्ल्स लॉटन) खून गेला आणि भुताचा गुन्हा झाला भ्याडपणा. महायुद्ध चालू होतं, त्यामुळे तेव्हा तेच सगळ्यात मोठं पाप. आणि मुंबईला येईपर्यंत भुताचा गुन्हाच नाहीसा झाला! कैलाशनाथ हा सज्जन म्हातारा. मुलगा अमेरिकेत, घर विकायला निघालेला. आता गुन्हेगार भूत नाही, पोरगा आहे.

म्हणजे इंग्रजी गोष्टीत अमेरिकन माणूस येऊन भुताला छळतो, आणि आपल्याकडे अमेरिकेला गेलेला माणूस भूत तयार करतो. हा एवढा मोठा बदल, पण तो कुणाला खटकत नाही, कारण तो आपल्याला पाठ आहे.

मला तो नीट दिसला पिंगळीला. परभणीहून पूर्णेकडे निघालं की पहिलं स्टेशन लागतं ते आमचं गाव. त्या वर्षी सुट्टीत डीव्हीडी आणली होती. भारनियमनाची वेळ टाळून रात्री लावली आणि बघता बघता शेजारपाजारचे धरून वीसेक माणसं जमली. इंटरव्हलपर्यंत पोरं खिदळत होती. नंतर पोरं पेंगायला लागली आणि म्हातारी माणसं सरसावून बसली. शहरातल्या लोकांना जिथं सिनेमा घसरला असं वाटतं, तिथं आमच्या ओसरीवर तो सुरू झाला. माझा पुतण्या तेवढा जागा. "काका, भूत कशाला रडायलंय?" उत्तर देईना कुणी. बसलेल्यांपैकी निम्म्यांची पोरं पुण्याला, एक-दोघांची तर पार अमेरिकेत.

शेवटी मुलगा येतो, वडिलांचं श्राद्ध होतं. यावर हसणारे मित्र मला भेटलेत. एकविसाव्या शतकात हे काय, वगैरे. पण गावात तो प्रसंग कुणाला समजावून सांगावा लागला नाही. आमच्याकडे मुंजा पिंपळावर असतो, तो परका. घरातलं गेलेलं माणूस हे भूत नव्हे, पितर. भाद्रपदात त्याला जेवायला बोलावतात. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, तर काहीतरी इच्छा राहिली असं समजायचं, आणि मग नातेवाईक एकेक करून पुढं होऊन मोठ्यानं कबूल करतात, पोरीचं लग्न करू, शेत विकणार नाही. मग कावळा येतो. 'भूतनाथ'चा दुसरा अर्धा भाग म्हणजे हेच आहे. वाइल्डची गोष्ट पडद्याआड गेलेली असते आणि पुढ्यात असतो तो दहावा.

सिनेमा संपल्यावर शेजारचे काका त्या पोराला यथेच्छ शिव्या घालून घरी गेले. आईचं मत मात्र वेगळं. "त्या पोराला काय बोलायचं? त्याचा बी संसार हाय तिकडं." आणि भांडी आवरता आवरता दुसरं, "म्हाताऱ्याची बायको आधी मेली ना? ती नाही झाली भूत. तिची काही इच्छाच नसंल का?"

सिनेमावर इतकी मतं ऐकली, पण हे दुसऱ्या कुणाकडून ऐकलं नाही.

२०१९ ला आई गेली. दहावा गंगाखेडला, गोदावरीवर केला. पिंड ठेवला आणि आम्ही मागं सरकतोय तोच कावळा शिवला. सगळे म्हणाले, पुण्यवान बाई, काही मागं राहिलं नाही. धाकटा भाऊ डॅलसहून आलेला, त्याला केवढं बरं वाटलं. मी काही बोललो नाही. आईची इच्छा नव्हती, की तिनं कावळ्यालाही कळू दिली नाही? मला आजही ठाऊक नाही.

मग प्रश्न आला घराचा. बाबा पुण्याला यायला तयार नाहीत. (आमच्या सोसायटीत त्यांना लिफ्टचा राग येतो.) भावाचं म्हणणं, विकून टाकू. बाबांचं म्हणणं, "विकायचं तर विका, पण नुसतं कुलूप लावून ठेवू नका. कुलपातल्या घरात काय राहतंय ते ठाऊकच हाय." शेवटी पुढच्या दोन खोल्या एका शिक्षकांना भाड्यानं दिल्या. त्यांची मुलगी पहिलीत. ती बाबांना आबा म्हणते आणि त्यांचा चष्मा लपवते.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की कैलाशनाथाची निम्मी सुटका श्राद्धाच्या आधीच झालेली असते, बंकूनं त्याची टर उडवली तेव्हाच. वाइल्डकडेही भुताला शांती मिळते ती घरातल्या पोरीमुळे. ती त्याच्यासाठी रडते. तिचं त्याच्याशी नातंही नसतं. सगळा भार पोटच्या पोरावर टाकणं ही आपली भर. ती चूक आहे असं मी म्हणत नाही. पण ज्यांना रोजच्या रोज यायला जमत नाही अशा आमच्यासारख्यांनी गोष्टीतला बंकूही बघावा.

गेल्या पितृपक्षात बाबांनी त्या मुलीला मोबाईलवर हा सिनेमा दाखवला. मी फोनवर विचारलं, आवडला का? "भूत चांगलं होतं. मग त्याला पाठवलं कशाला?" आणि सिनेमावाल्यांचंही बहुधा हेच मत होतं, कारण शेवटी भूत बंकूकडे परत येतं. पुढं २०१४ ला नितेश तिवारीच्या 'भूतनाथ रिटर्न्स'मध्ये तर ते निवडणुकीला उभं राहिलं.

असो. दुसरा भाग कसा आहे ते पुन्हा कधीतरी. आता झोपतो, उद्या सोमवार.