मॅच नेरूळला, नाश्ता उल्हासनगरला!

मॅचचं तिकीट कन्फर्म झालं की ग्रुपमध्ये पहिला प्रश्न काय येतो? पिच कसं आहे, कोण खेळतंय वगैरे नंतर. आधी विचारलं जातं, ‘जायच्या आधी खायचं कुठे?’

आणि बरोबरच आहे ते. स्टेडियम कुठलंही असो, नियम आता सगळ्यांना पाठ झालेत. बाहेरचं खाणं आत नाही, पाण्याची बाटली नाही, मोठी बॅग नाही. एकदा आत गेलात की तिथे मिळेल ते खायचं, तेही रांगेत उभं राहून. आणि आपण रांगेत असतानाच मागे गर्दी ओरडते, ‘आऊट!’ समोसा हातात, विकेट गेली! म्हणून सांगते, मॅचआधीचं पोटभर खाणं हे टीम सिलेक्शनइतकंच सीरियस काम आहे.

ऑफिसातल्या अंधेरी-पवई पब्लिकचं उत्तर ठरलेलं असतं. ‘मेक्सिकन खाऊ या यार!’ नाचोज, टाको, वर चीजचा धबधबा. मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळतात. कारण मी बदलापूरची. ‘तुमच्याकडे मेक्सिकन कुठलं मिळायला?’

मिळतं की! उल्हासनगर स्टेशनला उतरायचं. तिथे त्याला दाल-पकवान म्हणतात, एवढंच.

टोस्टाडाचा सिंधी भाऊ

हसू नका, नीट बघा. मेक्सिकोत टोस्टाडा नावाचा प्रकार आहे. मक्याची चपटी टॉर्टिया कडक होईपर्यंत तळायची, तिच्यावर शिजवून घोटलेला राजम्यासारखा घेवडा, कांदा, आंबट-तिखट साल्सा. हाताने तोडायचं आणि खायचं.

आता उल्हासनगरची प्लेट बघा. मैद्याची, जिरं किंवा ओवा घातलेली, तव्याएवढी नाही पण बशीपेक्षा मोठी कडक पुरी, म्हणजे पकवान. सोबत हरभऱ्याची पिवळीधमक डाळ. वर चिंचेची गोड चटणी, पुदिना-कोथिंबिरीची हिरवी चटणी, बारीक चिरलेला कांदा. हाताने तोडायचं आणि खायचं! मका गेला, मैदा आला. घेवडा गेला, हरभरा आला. बाकी फंडा तोच.

नावावरून मात्र फसायला होतं. पहिल्यांदा मी घरी ‘पकवान आणलंय’ म्हटलं तेव्हा आमची आजी ताट-वाटी घेऊन श्रीखंडाच्या तयारीत बसली होती. सिंधी पकवान आणि आपलं पक्वान्न हे वेगळं प्रकरण आहे हे तिला पटायला दोन घास लागले. तिसऱ्या घासाला तिने चटणी मागून घेतली.

करायला सोपं वाटतं, पण त्यात कसब आहे. पीठ घट्ट मळायचं, तुपाचं मोहन घालायचं, पातळ लाटायचं आणि काट्याने टोचे मारायचे. का? तर ती पुरी फुगता कामा नये. फुगली की मऊ पडली. मग मंद आचेवर निवांत तळायची, म्हणजे आतला ओलावा पार निघून जातो. म्हणूनच पकवान डब्यात काही दिवस कुरकुरीत राहतं. डाळीचंही तसंच. दाणा शिजला पाहिजे पण त्याचं वरण होता कामा नये. वरून तिखट, आमचूर, गरम मसाला भुरभुरवायचा आणि तूप-जिऱ्या-मिरचीची फोडणी.

आणि मॅचसाठी हे बेस्ट का? हरभऱ्याची डाळ सावकाश पचते, त्यामुळे पोट बराच वेळ भरलेलं राहतं. म्हणजे पॉवरप्लेपासून डेथ ओव्हर्सपर्यंतची सोय!

सीमेवर जन्मलेला नाचो

बरं, ज्या नाचोजसाठी ऑफिसमधली मंडळी जीव टाकतात, त्यांची गोष्ट तरी कुठे फार राजेशाही आहे? 1943 साली मेक्सिकोतल्या पिएद्रास नेग्रास या गावात त्यांचा जन्म झाला. नदीपलीकडे अमेरिकेतलं ईगल पास. तिथल्या अमेरिकन सैनिकांच्या बायका सीमा ओलांडून खायला आल्या आणि हॉटेलात आचारीच जागेवर नव्हता. इग्नासिओ अनाया यांनी हाताला लागलं ते घेतलं. टॉर्टियाचे तळलेले तुकडे, चीज, वर मिरचीच्या चकत्या. इग्नासिओचं लाडाचं नाव नाचो, म्हणून पदार्थही नाचोज!

त्यांना स्टेडियममध्ये नेलं ते फ्रँक लिबर्टो या व्यावसायिकाने, 1976 मध्ये टेक्सासच्या आर्लिंग्टन स्टेडियमवर, बेसबॉलच्या मॅचला. त्याचं डोकं एकाच गोष्टीवर चाललं. चीज पातळ ठेवलं तर रांग भराभर पुढे सरकते. आज जगभर मॅचला जे पिवळं चीज ओततात, त्याचं मूळ हे.

म्हणजे गोष्ट काय, तर सीमेवरचं गाव, हाताशी असलेलं सामान आणि भुकेली माणसं. ऐकल्यासारखं वाटतं ना? उल्हासनगरची गोष्टही सीमेचीच आहे. फक्त तिथे बायका जेवायला म्हणून सीमा ओलांडून आल्या नव्हत्या.

बॅरेकीतलं शहर

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा ट्रान्झिट कॅम्प होता. 1947 ला फाळणी झाली आणि सिंधमधून निघालेली लाखभर माणसं या कॅम्पात आली. सैनिकांसाठी बांधलेल्या लांबलचक बॅरेकी, त्यांत पडदे आणि पार्टिशन टाकून संसार मांडले गेले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचं नामकरण झालं, उल्हासनगर. लष्कर गेलं, पण शब्द राहिले. आजही इथे पत्ता विचारला तर ‘कॅम्प नंबर तीन’ असंच उत्तर येतं.

मुंबईकरांना उल्हासनगर म्हटलं की एकच जोक आठवतो, ‘मेड इन यूएसए’, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! हा जोक मी कॉलेजात शंभर वेळा ऐकलाय, ऑफिसात दोनशे वेळा. पण एक विचार करा. हातात काही नसताना धंदा सुरू करायचा तर काय लागतं? एक कढई, एक स्टोव्ह, मैदा आणि डाळ. माल उरला तरी पकवान खराब होत नाही. सगळं मागे टाकून आलेल्या माणसाला याहून शहाणा मेनू सापडला नसता.

ज्यांचं होम ग्राउंड मागे राहिलं

आता क्रिकेट. फाळणीपर्यंत रणजी स्पर्धेत सिंधचा स्वतःचा संघ खेळायचा. 1932 मध्ये लॉर्ड्सवर भारत पहिली टेस्ट खेळला, तेव्हा सलामीला आलेले नाऊमल जिऊमल हे कराचीचे. गुलाबराय रामचंद यांचा जन्मही कराचीचा, 1927 चा. आधी सिंध, मग मुंबई असा त्यांचा प्रवास. डिसेंबर 1959 मध्ये कानपूरला भारताने ऑस्ट्रेलियाला टेस्टमध्ये पहिल्यांदा हरवलं, तेव्हा कॅप्टन होते रामचंद. जसू पटेलांच्या 14 विकेट्स सगळ्यांना आठवतात, कॅप्टनचं नाव मात्र क्विझमध्येच विचारलं जातं.

पण मला सगळ्यात जास्त लागते ती 1954-55 ची गोष्ट. भारताचा पहिला पाकिस्तान दौरा. शेवटची टेस्ट कराचीला. भारताच्या संघात रामचंद होते आणि पननमल पंजाबी होते. दोघांचाही जन्म कराचीचा! रामचंदनी त्या टेस्टमध्ये एका डावात 49 धावांत 6 विकेट्स घेतल्या. जन्मगावात, पाहुण्या टीमच्या ड्रेसिंग रूममधून उतरून.

होम ग्राउंड म्हणजे काय, हे या लोकांना विचारायला हवं होतं.

आणि खरं सांगायचं तर आम्हा बदलापूर-अंबरनाथकरांचंही थोडंफार तसंच आहे. (तुलना करायची नाही, आमचं दुःख फक्त लोकलचं आहे!) आमच्याकडे इंटरनॅशनल मॅच होत नाही. वानखेडे असो की डी. वाय. पाटील, आम्ही कायम अवे टीम. अंबरनाथला 1060 सालचं शिलाहारांचं शिवमंदिर आहे, ते बघायला लोक इकडे येतात. बाकी सगळ्यासाठी आम्ही तिकडे जातो. नोकरी तिकडे, सिनेमाचा प्रीमियर तिकडे, मॅच तिकडे. बदलापूरला पूर्वी घोडे बदलायचे म्हणून ते नाव पडलं असं सांगतात. आम्ही ठाण्याला गाडी बदलतो, एवढाच फरक.

म्हणूनच मॅचच्या दिवशीचा हा एक तास मला महत्त्वाचा वाटतो. त्या दिवसातला तेवढाच भाग आमच्या एरियात घडतो.

2 नोव्हेंबर 2025

महिला वर्ल्ड कपची फायनल, डी. वाय. पाटील स्टेडियम, रविवार. आम्ही तिघी. मी बदलापूरहून, मैत्रीण अंबरनाथला त्याच डब्यात चढली, आणि ऑफिसातली अंधेरीकर आदल्या रात्री माझ्याकडे मुक्कामाला होती. तिच्यासाठी उल्हासनगर म्हणजे फक्त इंडिकेटरवरचं नाव.

आमचा ठरलेला गाडा स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे. बोर्ड नाही, बसायला दोन बाकडी. गाड्यावरच्या काकांना सगळे ‘साईं’ म्हणतात, आम्हीही. आमच्या अंगावरच्या निळ्या जर्सी बघून त्यांनी न विचारताच प्लेटमध्ये डाळ जास्त वाढली.

अंधेरीकरणीने एक घास खाल्ला आणि विचारलं, ‘साईं, यावर चीज मिळेल?’

‘बेटा, चीज स्टेडियम में खाना,’ साईं शांतपणे म्हणाले. ‘यहाँ दाल खाओ.’

तिने दुसरी प्लेट घेतली, तेव्हा मी काही बोलले नाही. फक्त बघून घेतलं!

गर्दी कमी झाल्यावर साईंशी गप्पा झाल्या. त्यांचे वडील सिंधमधून आले तेव्हा शाळकरी होते. ही डाळ आजीच्या हातची, वडिलांकडून यांच्याकडे आली. ‘आणि पुढे?’ मी विचारलं. मुलगा परदेशात नोकरीला, पकवान लाटणाऱ्या बायका आता मिळत नाहीत, पकवान बाहेरून घ्यावं लागतं. ‘दाल मैं बनाता हूँ. जब तक हाथ चलता है.’ एवढं बोलून ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

पुढचं तुम्हाला माहीत आहेच. पावसाने टॉस लांबला, तीनची मॅच पाचला सुरू झाली. शफाली वर्माच्या 87, दीप्ती शर्माच्या 58, भारत 7 बाद 298. मग लॉरा वुल्वार्टची सेंच्युरी आणि आमच्या नखांची वाट. दीप्तीच्या 5 विकेट्स, मध्यरात्रीच्या सुमारास हरमनप्रीतने घेतलेला तो शेवटचा कॅच, आणि भारत 52 धावांनी वर्ल्ड चॅम्पियन! आम्ही रडलो, नाचलो, अनोळखी काकूंना मिठ्या मारल्या. आणि रेकॉर्डसाठी नोंदवून ठेवते, संध्याकाळी आठपर्यंत तिघींपैकी कोणालाही भूक लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात अंधेरीकर सगळ्यांना मॅचबद्दल सांगत होती. मध्येच म्हणाली, ‘आणि आधी आम्ही उल्हासनगरला खाल्लं.’ कोणीतरी सवयीने ‘मेड इन यूएसए’चा जोक सुरू केला. तिनेच त्याला थांबवलं. ‘आधी खाऊन ये, मग बोल.’

नाचोज कुठे जाणार नाहीत, ते प्रत्येक मल्टिप्लेक्समध्ये आहेत. साईंची डाळ मात्र एकाच गाड्यावर आहे आणि ती दुपारच्या आत संपते.

मॅच-डे गाइड

कधी? दाल-पकवान हा सकाळचा नाश्ता आहे. साडेदहा-अकराच्या पुढे रिस्क घेऊ नका. संध्याकाळची मॅच असेल तर सकाळीच पकवान बांधून घ्या, डाळ घरी करा. गाड्यावर डाळ संपलीच असेल तर छोले-डबल मागा. ‘डबल’ म्हणजे आपला पाव.

कसं खायचं? पकवान डाळीत बुडवून ठेवू नका, मऊ पडतं. तुकडा तोडा, डाळ उचला, खा. चमचा मागितलात तर नवखे ठराल.

नेरूळला कसं जायचं? उल्हासनगरहून ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बर. गाडी पनवेल किंवा नेरूळची पकडा. वाशीची पकडलीत तर वाशीलाच पोचाल!

वानखेडेला? दादरला उतरून वेस्टर्नने चर्चगेट.

आणि हो, मॅच रविवारी असेल तर निघण्याआधी मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघा. साईंना सुट्टे पैसे द्या. आणि डाळ आवडली तर तसं सांगा त्यांना. आम्ही सांगितलं तेव्हा त्यांनी फुकट पापड दिला होता.