ताई, कुत्री तिथेच राहू देत

रामघाट, काशी
जानेवारी

प्रिय ताई,


परवा फोनवर तू रडत होतीस आणि चिडलेलीही होतीस, म्हणून मी फारसं बोलले नाही. सहा वर्षांच्या नातवाच्या पोटरीत कुत्र्याचे दात रुतले, रक्त आलं. अशा वेळी आजीला दुसरं काही सुचणारच नाही. ‘तुमच्या या कुत्र्यांच्या लाडापायी माणसांची पोरं मरायची वेळ आली,’ असं तू म्हणालीस. मी ते लावून घेतलं नाही, पण सोडूनही देववत नाही. रविवारी तुमच्या सोसायटीची सभा आहे आणि आवारातली सगळी कुत्री गाडीत भरून कुठेतरी लांब सोडून यायची, असा ठराव येणार आहे. सभेला जायच्या आधी तू हे वाचावंस, म्हणून लिहायला बसले.

आधी लशीचं बोलू. सूनबाईनं जखम लगेच साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं धुतली, हळद-चुना काही भरलं नाही, हे फार चांगलं केलं. रक्त आलं होतं म्हणून डॉक्टरांनी लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही दिलं, तेही योग्यच. आता उरलेले डोस. पहिलं इंजेक्शन झालं तो शून्यावा दिवस धर. दंडात देत असतील तर पुढचे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. कातडीत देत असतील तर चौदावा नसतो, बाकीचे तेच. जखम भरली, पोरगं उड्या मारतंय, आता कशाला, असं म्हणून शेवटचा डोस बुडवणारी माणसं आम्हाला सतत भेटतात. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि त्याआधी पूर्ण उपचार वेळेवर झाले तर जवळजवळ नेहमीच वाचतो. इतका स्वच्छ हिशेब फार थोड्या रोगांत असतो.

आणि ती चावलेली कुत्री. दहा दिवस वॉचमनला तिच्यावर लक्ष ठेवायला सांग. दहा दिवसांनी ती खातपीत धडधाकट असेल, तर चावली त्या वेळी तिच्या लाळेत रेबीज नव्हता हे कळतं. उद्याच तिला हाकलून दिलंत तर हे कळायचा रस्ताच बंद होईल. डोस तर तरीही पुरे करायचे, पण सूनबाईला रात्री झोप लागेल.

आता आमचं काम. रामघाटापासून पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाटापर्यंतच्या गल्ल्या आम्ही दहा-बारा जण वाटून घेतल्या आहेत. त्यात साडीच्या गद्दीवरचा मुनीम आहे, दोन नावाडी आहेत, बीएचयूत शिकणाऱ्या मुली आहेत, आणि मी. सकाळी सांगवेद विद्यालयात मुलांची संथा सुरू झालेली असते तेव्हा आम्ही भात, सोयाबीन आणि असली तर अंडी असं पातेलं घेऊन निघतो. रोज तीच वेळ, तीच जागा, आणि कुणाच्या दारात नाही. लोकांना वाटतं आम्ही कुत्र्यांना जेवू घालतो. खरं तर जेवण हे त्यांना एका जागी आणायचं निमित्त. खाली मान घालून खात असतं तेव्हा कान बघायचा, डोळ्यांतली चिपडं बघायची, चालताना कुठला पाय उचलतंय ते बघायचं. रोजच्या पंगतीत जो दिसत नाही, त्याला शोधत फिरायचं. तो बहुतेक वेळा दुखणं घेऊन कुठल्या तरी जिन्याखाली अंधारात जाऊन बसलेला असतो.

तुला आठवत असेल, अण्णा वैश्वदेव झाला की गायीचा घास काढायचे, कुत्र्याचाही काढायचे, आणि तो घास बाहेर ठेवून आल्याशिवाय आपल्याला पानावर बसता यायचं नाही. ही तर कालभैरवाची नगरी, कुत्रा त्याचं वाहन. भैरवाला जाणारा भाविक वाटेत बिस्किटाचा पुडा फोडतोच. ती माया मी नाकारत नाही, आमचं काम त्या मायेवरच चालतं. पण घास टाकणाऱ्या दहा जणांपैकी एकानं त्या कुत्र्याच्या लशीची चौकशी केली, तरी अर्धी लढाई जिंकू.

गेल्या पावसाळ्यातलं एक सांगते, कारण ते थेट तुमच्या ठरावाशी येऊन भिडतं.

2025 च्या ऑगस्टमध्ये गंगेनं इथली 71.262 मीटरची धोक्याची खूण ओलांडली. घाटांच्या पायऱ्या तर आधीच पाण्याखाली गेल्या होत्या, मढ्या बुडल्या, एका घाटावरून दुसऱ्या घाटावर जायची वाट राहिली नाही. वर्षभर घाटावर राहणारी कुत्री गल्ल्यांत चढून आली. काही कुत्री बुरजांवर अडकली होती, त्यांना नावाड्यांनी नावेतून आणलं. आणि मग इथे जे सुरू झालं ते तू बघायला हवं होतंस. चार हात रुंदीच्या गल्लीत आधीच चार-पाच कुत्री, त्यांची जागा ठरलेली, घरं ठरलेली, खाणं ठरलेलं. त्यात तेवढीच परकी आली. रात्रभर भुंकणं, सकाळी फाटलेले कान. घाटावरची कुत्री गल्लीतल्या माणसांना ओळखत नाहीत, भेदरलेली असतात, उपाशी असतात, पळायला जागा नसते. त्या दिवसांत आमच्या भागात माणसांना जेवढे चावे झाले, तेवढे एरवी कित्येक महिन्यांत होत नाहीत.

त्याच पुरात करिया सापडला. रोज पंगतीत पुढे असणारा काळा कुत्रा दिसेना. तिसऱ्या दिवशी दूधवाल्याचं पोरगं धावत आलं, ‘दीदी, करियवा के देखा त, मूड़ी झटकत हौ.’ ठठेरी बाजाराच्या बाजूला एका बंद दुकानाच्या फळीखाली होता. भांडणात कानामागे चावा बसला होता आणि तिथे जीभ पोचत नाही. माशा बसल्या, अंडी घातली, अळ्या झाल्या. जवळ जायच्या आधी वास येतो. नावाड्यानं त्याच्या तोंडाला बँडेजच्या पट्टीची गाठ मारली, एक फेरा नाकावर, दुसरा कानांमागून, आणि त्याचं डोकं स्वतःच्या मांडीवर दाबून धरलं. मी टर्पेंटाइनचा बोळा जखमेच्या तोंडाशी धरला. क्षणभर काही नाही, मग आतून जिवंत भात उकळावा तशा अळ्या वर येऊ लागल्या. चिमट्यानं एकेक काढायची, आणि वरवरच्या काढून भागत नाही. खोल कप्प्यात चार राहिल्या तरी दोन दिवसांत पुन्हा तेच. करिया आधी किंचाळला, मग एका घडीला एकदम सैल पडला. दुखायचं थांबलं होतं. जखमेवर फवारा मारला, प्रतिजैविक टोचलं, आणि पुढचा आठवडाभर रोज त्याच फळीखाली जाऊन ड्रेसिंग केलं. आज त्याच्या कानामागे रुपयाएवढा केस नसलेला डाग आहे.

ताई, तुमचा ठराव म्हणजे माणसानं ठरवून आणलेला तोच पूर आहे. तुमची कुत्री कात्रजच्या पलीकडे नेऊन सोडली तर ती तिथे परकी होतील, भेदरतील, तिथल्या पोरांना चावतील. आणि तुमच्या कचऱ्याच्या डब्यांपाशी रिकामी झालेली जागा महिन्या-दोन महिन्यांत दुसरी कुत्री भरून काढतील. ती लस न टोचलेली असतील, नसबंदी न झालेली असतील, आणि तुमच्यातल्या एकाही पोराला ओळखत नसतील.

कायदाही हेच सांगतो. 2001 साली पहिले नियम आले आणि मार्च 2023 मध्ये नवे. त्यांचा गाभा एकच. कुत्रं पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, खूण म्हणून कान कापायचा, आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. 2025 साली सर्वोच्च न्यायालयात मोठी उलथापालथ झाली ते तू टीव्हीवर पाहिलंच असशील. 11 ऑगस्टला दिल्ली परिसरातली सगळी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायचा आदेश निघाला. 22 ऑगस्टला तो बदलला. रेबीज झालेली, तसा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री सोडून बाकीची लस टोचून मूळ जागी सोडा, आणि खाणं घालायच्या जागा ठरवून द्या, असं न्यायालय म्हणालं. मग 7 नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवायला आणि तिथे परत न सोडायला सांगितलं. शाळेच्या आवाराबद्दलची धास्ती मला पटते. पण त्या कुत्र्यांना न्यायला पुरेसे आणि बरे निवारे आधी उभे राहायला हवेत, नाहीतर ती शाळेमागच्या गल्लीत येऊन थांबतील एवढंच. ते असो. तुमची सोसायटी यात बसत नाही.

आणि हे नुसतं कागदावर नाही. आपल्या शेजारचा गोवा बघ. तिथे मिशन रेबीज आणि राज्य सरकार यांनी मिळून वर्षानुवर्षं गावोगाव जाळी घेऊन फिरत भटक्या कुत्र्यांना लस दिली, शाळांतल्या मुलांना चावा कसा टाळायचा ते शिकवलं, आणि 2021 साली गोवा रेबीजनियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस असली की रोगाची साखळी तुटते. ही सत्तर कुत्री तुमच्या पोरांभोवती उभी असलेली भिंत असते. तीच तुम्ही गाडीत भरून द्यायला निघाला आहात.

तू विचारशील, मग सगळ्यांना घरं का नाही देत? देतो. पण खरं सांगायचं तर गल्लीतल्या बहुतेक कुत्र्यांना घराची गरज नसते, त्यांना गल्ली असते. घर लागतं ते निराळ्यांना. आई गेलेल्या पिल्लांना, आंधळ्यांना, तीन पायांच्यांना, आणि हौस फिटल्यावर घाटावर आणून सोडलेल्या लॅब्रेडॉर-पगना. हे सोडलेले सगळ्यांत केविलवाणे. त्यांना कचऱ्यातलं शोधता येत नाही, दुसऱ्या कुत्र्यापुढे शेपूट कशी घालावी तेही ठाऊक नसतं, आणि येणाऱ्या प्रत्येक पायांच्या जोडीकडे ते आपला माणूस आला म्हणून बघतात.

2023 मध्ये इथल्या गल्लीतली कुत्री जया नेदरलँड्सला आणि कुत्रा मोती इटलीला गेला, त्याच्या बातम्या झाल्या होत्या. इथल्या ॲनिमोटेल केअर ट्रस्टनं त्यात मदत केली होती. मायक्रोचिप, लस, मग युरोपनं मान्य केलेल्या प्रयोगशाळेत रक्ताची तपासणी, आणि त्यानंतरही तीन महिने थांबणं. मला त्या बातमीत विमानापेक्षा या थांबण्याचं मोल वाटतं. आमच्याकडे पिल्लू मागायला येणाऱ्याला आठवडाभर थांबा म्हटलं तरी राग येतो. आम्ही घर बघून येतो. घरमालकाची परवानगी आहे का, गावाला गेलात तर कोण बघणार, गच्चीवर साखळीनं बांधून ठेवणार का, वेळ आल्यावर नसबंदी कराल का, हे सगळं विचारतो. दिल्यानंतरही फोन करत राहतो. कुणाला हा आगाऊपणा वाटतो, वाटू दे. परत आलेलं पिल्लू पुन्हा माणसावर विश्वास टाकायला फार वेळ घेतं. आणि मागणारे दहापैकी आठ जण ‘नर द्या, पांढरा द्या’ म्हणतात. काळ्या माद्या मागे राहतात. सध्या माझ्याच ओसरीवर दोन आहेत, पोत्यावर भाताचा पेंढा पसरून त्यात झोपतात. इथल्या धुक्यात चादर ओली होऊन आणखी गार पडते, पेंढा कोरडा राहतो.

आता तुमच्याकडचं. तू म्हणालीस, पोरगं चेंडू आणायला जनरेटरच्या मागे गेलं आणि ती अंगावर आली. भुंकली, धावली, पोटरीला चावली आणि लगेच मागे फिरली. पाठलाग केला नाही. यापूर्वी ती कुणाला चावल्याचं कुणाला आठवत नाही. ताई, दिवस थंडीचे आहेत. भाद्रपदापासून कुत्री माजावर येऊ लागतात, दोन महिन्यांनी वितात. जनरेटरच्या मागे ऊब असते. मला जवळजवळ खात्री आहे की तिथे तिची पिल्लं आहेत.

भाच्याला सांग, टॉर्च घेऊन लांबूनच बघ, हात घालू नकोस. पिल्लं असतील तर तेवढ्या जागेला दीड-दोन महिने पत्र्याचा आडोसा लावा आणि मुलांना तिकडे खेळू देऊ नका. आईला रोज एका ठरलेल्या कोपऱ्यात खायला द्या, म्हणजे ती खाण्यासाठी आवारभर हिंडणार नाही. तिचा कान कापलेला नसेल तर नसबंदी आणि लस दोन्ही राहिली आहेत. पिल्लं दुधावरून सुटली की महापालिकेकडे तिचं नाव नोंदवा, आणि शस्त्रक्रिया झाल्यावर ती तुमच्याच फाटकाशी परत येते आहे ना, एवढं बघा. पिल्लांचे फोटो मला पाठवा. पुण्यात हे काम करणारी भरपूर माणसं आहेत, मी त्यांच्याशी तुझी गाठ घालून देते. माद्यांना घर मिळायला जरा वेळ लागेल, तेवढा धरा.

सभेत हे सगळं तूच बोल. जिच्या नातवाला चावलं तिनं बोललेलं लोक ऐकतील, माझं नाही ऐकणार.

भाऊजींना नमस्कार, पोराला गोड पापा.

तुझी,
धाकटी