साथ कोणाची, कोणाला?

व्हायोलिन आणि पियानो या दोन वाद्यांसाठी पाश्चात्त्य संगीतात 'सोनाटा' हा रचनाप्रकार रूढ आहे. त्यात साथ कोण कोणाला करतो, हा प्रश्न मोठा गमतीचा आहे. मोझार्टच्या बालपणीच्या अशा रचना 'व्हायोलिनच्या साथीसह वाजवावयाच्या' म्हणून छापल्या गेल्या. म्हणजे यजमान पट्ट्यांचे वाद्य, आणि व्हायोलिन पाहुणे! आपल्या मैफलीत व्हायोलिन आणि पेटी दोन्ही गवयाच्या मागे बसत. गजाननबुवा जोशी, वि. गो. जोग यांच्यासारख्यांनी व्हायोलिनला पुढे आणून बसविले. पेटीला मात्र १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीचे दारच बंद होते.

आमचे थोरले बंधू उज्जैनला टावर चौकाजवळ राहत. ते व्हायोलिन वाजवीत, आम्ही पेटी. खाली चौकातील संध्याकाळची वर्दळ चालू असे आणि वर आमचा यमन. पेटीतून मींड निघत नाही, म्हणून दादा आम्हांला चिडवीत. राज्य शासनाच्या सेवेत दुसऱ्यांच्या सहीसाठी टिपणे लिहिण्यात आमचा जन्म गेला. तेव्हा साथीदारपण आम्हांला अंगवळणी पडलेले होते.

दादांच्या संग्रहात बेथोवनच्या 'क्रॉयत्झर' सोनाट्याची एक तबकडी होती. बेथोवनने या दोन वाद्यांसाठी दहा सोनाटे रचले; त्यांतील हा नववा. २४ मे १८०३ रोजी व्हिएन्नात तो प्रथम वाजला. व्हायोलिनवर जॉर्ज ब्रिजटॉवर, पियानोवर स्वतः बेथोवन. कागद वेळेवर तयार झाले नव्हते. दुसऱ्या भागातील आपले स्वर ब्रिजटॉवरने बेथोवनच्या खांद्यावरून हस्तलिखितात पाहून वाजविले, असे सांगतात. पुढे दोघांचे बिनसले आणि १८०५ साली रचना छापली गेली ती क्रॉयत्झर या फ्रेंच वादकाला अर्पण होऊन. त्याने ती जाहीरपणे कधी वाजविली नाही म्हणे! परंतु त्या छापील शीर्षकात व्हायोलिनला 'अनिवार्य' म्हटले आहे. 'साथ' हा शब्द तेथे उरलेला नाही.

आरंभी व्हायोलिन एकटेच बोलते. मग पियानो तेच बोलणे उचलतो, पण त्याला उदास छटा देऊन. पियानोचा स्वर आघात होताच विरू लागतो. व्हायोलिनचा स्वर गज चालेल तोवर टिकतो. इतक्या भिन्न प्रकृतीची ही वाद्ये, पण दोघांपैकी कोणीही दुसऱ्यासारखे होऊ पाहत नाही. "बघ, याला म्हणतात संसार," असे दादा हे ऐकताना म्हणत.

गेल्या वर्षी दादा गेले. वहिनींनी त्यांचे व्हायोलिन नातवाला दिले आणि ती तबकडी आम्हांला. महिनोन्महिने आम्ही पेटीला हात लावला नाही. ज्याला साथ करावयाची तोच नाही, तर पेटी उघडावी कोणासाठी? परंतु तबकडी ऐकता ऐकता ध्यानी आले की, जेथे व्हायोलिन थांबते तेथेही पियानोला स्वतःचे काही सांगावयाचे असते. बेथोवनने तेवढे त्याच्या वाट्याला लिहूनच ठेवले आहे.

हल्ली सायंकाळी आम्ही भाता उघडून यमन धरतो. दादांच्या ताना जेथे येत, तेथे षड्ज दाबून थोडे थांबतो आणि मग आपले पुढे चालू करतो.