एका विकराचे पाठभेद

दोन पोथ्यांत शुद्ध पाठ सारखा आढळला, तर त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. चूक मात्र सारखी आढळली, की दोन्ही पोथ्या एकाच जुन्या प्रतीवरून उतरल्या असाव्यात असे मानावे लागते. पाठचिकित्सेचा हा नियम सस्तन प्राण्यांच्या यकृतालाही लागू पडतो.

युरिकेज हे विकर युरिक अम्लाचे सहज विरघळणाऱ्या ॲलंटॉइनमध्ये रूपांतर करते. गाय, डुक्कर, उंदीर, बबून या सर्वांपाशी ते आहे, माणसापाशी नाही. म्हणून त्याच्या रक्तात युरिक अम्लाचे प्रमाण चढे राहते आणि कधी त्याचे स्फटिक पायाच्या अंगठ्यात साचून तो रात्रभर कळवळतो. (चरकसंहितेत वातरक्ताचे ‘आढ्यवात’, म्हणजे धनिकांचा वात, असेही एक नाव येते. जनुकाला अर्थातच धनिक आणि दरिद्री हा भेद ठाऊक नाही.)

विकर गेले, तरी त्याचे जनुक गेलेले नाही. त्यातील ३३व्या संकेतस्थानी अकाली पूर्णविराम पडला आहे. पुढचा मजकूर तसाच असून पिढ्यान्‌पिढ्या इमानाने नकलला जातो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत हाच पूर्णविराम, नेमक्या त्याच जागी, चिंपांझी व ओरांगउटान यांच्यातही आढळला. गिबनमध्ये तो नाही. तेथे १३ अक्षरे गळाली आहेत. एकच ओळ दोन शाखांत दोन निरनिराळ्या हातांनी बिघडली.

हा निव्वळ अपघात म्हणावा, तर तो दोनदा का घडावा? २०१४ साली अमेरिकेतील संशोधकांनी आजच्या प्राण्यांतील पाठांवरून लुप्त पूर्वजांची विकरे अनुमानिली आणि ती प्रयोगशाळेत प्रत्यक्ष घडविली. जनुक मुके होण्याच्या कितीतरी आधीपासून विकराची शक्ती टप्प्याटप्प्याने ओसरत होती, असे दिसले. फळांतील साखरेची चरबी करून साठविण्यास ही उणीव उपकारक ठरली असावी, असे त्यांचे मत. तर्क आकर्षक आहे, पण तो तर्कच. महाभारताच्या पुण्यातील चिकित्सित आवृत्तीसंबंधी सुकथनकरांनी मूळ ग्रंथ सापडल्याचा दावा केला नव्हता. उपलब्ध पोथ्यांवरून गाठता येईल तेवढे प्राचीन रूप, इतकेच ते म्हणाले. तोच संयम येथेही हवा. मात्र अनुमानिलेला पाठ चालतो की नाही, हे परीक्षानळीत पाहण्याची सोय कोणत्याही संपादकाला कधी लाभली नाही.

संधिवाताच्या या प्रकारावर अमेरिकेत २०१० साली मान्य झालेले एक औषध म्हणजे डुकराच्या युरिकेजला बबूनचा थोडा अंश जोडून सिद्ध केलेला संमिश्र पाठ होय. अनेक रुग्णांच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि काही आठवड्यांतच त्याचा गुण येईनासा होतो.