सरासरी साठ

हापूस की पायरी, थोरली सून की धाकटी, अशा तुलना आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. आमच्या महाडच्या घरात हल्ली एका नव्या तुलनेची भर पडली आहे : ३०६० की ४०६०? ऐकणाऱ्याला वाटावे, कोकण रेल्वेच्या गाड्यांचे नंबर!

ही आहेत ग्राफिक्स कार्डे. संगणकाच्या पोटात बसून पडद्यावर चित्रे रंगवायची, हा त्यांचा धंदा. चिरंजीवांना 'सायबरपंक २०७७' खेळायचा आहे. २०२० च्या डिसेंबरात आलेल्या या खेळाने भल्याभल्या संगणकांना घाम फोडला. त्यातल्या शहरात रात्री पाऊस पडतो आणि डबक्यांत दिव्यांची प्रतिबिंबे दिसतात. त्यासाठी एकेका प्रकाशकिरणाचा हिशेब करावा लागतो म्हणे. महाडात जूनपासून ही डबकी फुकट बघायला मिळतात, असे मी सुचवून पाहिले. "बाबा, प्लीज!" एवढेच उत्तर आले.

मग पोलादपूरच्या शाखेतून घरी आल्यावर मी रीतसर ताळेबंद मांडला. थोरले ३०६०, जन्म २०२१, मेमरी १२ जीबी, वीज १७० वॉट. धाकटे ४०६०, जन्म २०२३, मेमरी ८ जीबी, वीज ११५ वॉट. म्हणजे धाकटे चपळ, खाते कमी, पण बिऱ्हाड लहान. शिवाय त्याला एक विद्या येते : दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये एक चित्र पदरचे घालायचे. बँकेत कोणी असे पदरचे आकडे घातले तर चौकशी लागते!

"सरासरी सेकंदाला साठ चित्रं येतात, बाबा!"

सरासरी म्हटल्यावर माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. "समज, ५९ चित्रं पहिल्या अर्ध्या सेकंदात येऊन गेली आणि साठावं उरलेला अर्धा सेकंद ठाण मांडून बसलं. सरासरी साठच! पण तेवढ्यात शत्रूने गोळी घातली तर?" म्हणूनच जाणकार सर्वांत रखडलेल्या एक टक्का चित्रांचा आकडा वेगळा देतात. मेमरी अपुरी पडली की चित्र अडखळते, आणि कार्डाची खरी पत तिथेच कळते.

सावित्रीकाठच्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. २२ जुलै २०२१ ला गावात पाणी भरले, तेव्हा पावसाची वार्षिक सरासरी कोणी विचारली नाही. ३६४ दिवस नदी गुणी मुलीसारखी वागली. हिशेब एका दिवसाने केला. पाणी कुठवर चढले होते, ते लोक आजही भिंतीला हात लावून दाखवतात. सरासरीची खूण कोणत्याच भिंतीवर नाही.

चिरंजीव क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "बाबा, तुमचा पगार सरासरीने रोजचा बराच पडतो. मग त्यातला रखडलेला भाग कुठला?"

"पंचवीस तारखेपासून पुढचा," स्वयंपाकघरातून उत्तर आले.

तूर्त खरेदी एक तारखेवर ढकलली आहे. कोणत्या महिन्याच्या, ते ठरायचे आहे.